विश्लेषण : दुसरा बार उडेल का? सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनचा भरवसा आणि नागपूरची दुनळी

सीताबर्डी, इतवारी किंवा सदरमधल्या एखाद्या बँकेच्या दारात बंदूकधारी गार्ड दिसला, तर त्याच्या खांद्यावर बहुधा बारा बोअरची दुनळीच असते. दस्त्याचे पॉलिश उडालेले, नळीचा काळा रंग हाताच्या घामाने फिका पडलेला आणि कमरेला काडतुसांचा चामडी पट्टा. त्याच वेळी रांगेतल्या ग्राहकाच्या मोबाइलवर एखादा व्हिडिओ सुरू असतो, ज्यात इटालियन किंवा तुर्की बनावटीची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन पापणी लवायच्या आत पाच बार उडवून मोकळी होते. मग प्रश्न पडतोच. आपले गार्ड अजून आजोबांच्या काळातली बंदूक घेऊन का उभे आहेत? त्यांना आधुनिक बंदुका का देत नाहीत?

प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर बंदुकीच्या किमतीत किंवा सरकारी उदासीनतेतच शोधले जाते. बंदुकीच्या आत डोकावले तर वेगळे उत्तर मिळते. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन हे आज चांगले, कसाला उतरलेले यंत्र आहे. मात्र तिचा भरवसा दोन गोष्टींवर उभा असतो : ताजे, एकसारखे काडतूस आणि हाताला असलेला सराव. नागपुरात काय किंवा राज्यात काय, नेमक्या याच दोन गोष्टींची वानवा आहे. ती दूर होत नाही, तोवर दारातली दुनळी बदलण्याची घाई नको.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे नेमके काय?

आधी ‘बारा बोअर’. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास, तोच या बंदुकीच्या नळीचा व्यास. तो साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. नळी आतून गुळगुळीत असते आणि काडतुसात सहसा छर्रे असतात.

दुनळीला दोन नळ्या. बंदूक मधून मोडायची, दोन काडतुसे घालायची, बंद करायची. दोन बार उडाले की पुन्हा मोडायची. पंप-अ‍ॅक्शनमध्ये नळी एकच असते आणि काडतुसे तिच्याखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. प्रत्येक बारानंतर पुढचा दांडा हाताने मागे-पुढे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत येते.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम हाताऐवजी उडालेल्या बाराचीच ताकद करते. चाप ओढला की एक बार उडतो. त्याच्याच जोरावर बोल्ट मागे जातो, रिकामे काडतूस फेकले जाते, नवे चेंबरमध्ये सरकते. पुन्हा चाप ओढायचा.

जॉन ब्राउनिंग या अमेरिकन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी पहिली यशस्वी शॉटगन घडवली. ‘ऑटो-५’ नावाने ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये तयार होऊ लागली. तिच्यात धक्क्याने नळीच मागे सरकायची. आतल्या घर्षण-कड्या हलक्या आणि जड काडतुसांसाठी वेगवेगळ्या प्रकारे लावाव्या लागत. त्या चुकल्या की हलके काडतूस बंदूक पूर्ण फिरवू शकत नसे आणि जड काडतूस बंदुकीचेच हाल करत असे. सेमी-ऑटोमॅटिकच्या भरवशाचा वाद तेव्हापासूनचा आहे, आणि त्याचे मूळही तेव्हापासून तेच आहे : बंदुकीला चालायला लागणारी ताकद काडतुसातून येते.

पुढे १९६३ मध्ये आलेल्या ‘रेमिंग्टन ११००’ने नळीतला थोडा वायू बारीक छिद्रांतून वळवून बोल्ट ढकलण्याची पद्धत लोकप्रिय केली. इटलीच्या ‘बेनेली’ने त्याच दशकात वायूऐवजी स्प्रिंग आणि जडत्व यांवर चालणारी रचना आणली. १९९९ मध्ये अमेरिकी मरीन कोअरने ‘बेनेली एम-४’ निवडली, तीही सेमी-ऑटोमॅटिकच. तेव्हा ‘सेमी-ऑटोमॅटिक अडतेच’ हे जुन्या शिकाऱ्यांचे मत आज जसेच्या तसे खरे नाही. चांगल्या काडतुसावर, स्वच्छ ठेवलेली आणि सवयीच्या हातातली ही बंदूक हजारो बार बिनतक्रार उडवते.

अडचण आहे ती या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात.

मग ती अडते कुठे?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकवले जाणारे साधे तत्त्व इथे उपयोगी पडते. एकापाठोपाठ एक जोडलेल्या साखळीत कुठलीही एक कडी निसटली, की सगळी साखळी थांबते. दोन स्वतंत्र वाटा शेजारी-शेजारी असतील, तर एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते.

सेमी-ऑटोमॅटिक ही साखळी आहे. पहिले काडतूस फुसके निघाले, तर बोल्ट मागे सरकवायला ताकदच नाही. दुसरे काडतूस नळकांड्यात तयार आहे, पण ते वर येणार कसे? गार्डने बोल्टची मूठ हाताने ओढून फुसके काडतूस बाहेर काढायला हवे. काडतूस पूर्ण फुसके नसले, नुसते कमी जोराचे असले, तरीही घोळ होतो. बोल्ट अर्ध्यावर थांबतो आणि रिकामे काडतूस दाराच्या फटीत बोट अडकावे तसे खिडकीत अडकून बसते. त्यातून बंदूक मोकळी करणे अवघड नाही, पण ते हाताला माहीत असावे लागते. समोर कोणी कोयता घेऊन उभा असताना ते आठवून करता येत नाही.

दुनळीत दोन नळ्या, दोन घोडे, दोन फायर पिन. उजव्या नळीतले काडतूस फुसके गेले, तर डाव्या नळीला त्याचा पत्ताही नसतो. समजा, शंभरात एक काडतूस फुसके निघते. (आकडा फक्त हिशेबापुरता.) तर दोन्ही नळ्या एकदम दगा देण्याची शक्यता दहा हजारांत एक. हा हिशेब थोडा फसवा आहे, हेही सांगायला हवे. दोन्ही काडतुसे एकाच डब्यातली आणि एकाच पावसाळ्यात ओल धरलेली असतील, तर ती ‘स्वतंत्र’ उरत नाहीत. एक खराब तर दुसरेही खराब असण्याची शक्यता वाढते. तरीही दुनळी पुढे राहते, कारण तिचा दुसरा बार पहिल्या बाराच्या ताकदीवर अवलंबून नाही.

आणखी एक फायदा फार बोलला जात नाही. मोडलेली दुनळी रिकामी आहे की भरलेली, हे चार पावलांवरून कोणालाही दिसते. बँकेच्या लॉबीत, चहाच्या टपरीवर, कॅश व्हॅनच्या मागच्या बाकावर ही गोष्ट लहान नाही. गार्डच्या बंदुकीतून चुकून बार उडाल्याच्या बातम्या देशभरातून अधूनमधून येत असतात. सेमी-ऑटोमॅटिकचे नळकांडे काढून रिकामे केले तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही. अर्थात दुनळीही साधुसंत नाही. अनेक दुनळ्यांचा सेफ्टीचा खटका फक्त चाप अडवतो, आतला घोडा नाही. भरलेली दुनळी जोरात खाली पडली तर बार उडू शकतो.

राहिली पंप-अ‍ॅक्शन. काडतूस फुसके असो वा कमी जोराचे, हात ते बाहेर काढतोच, म्हणून ती सेमी-ऑटोमॅटिकपेक्षा काडतुसाबाबत कमी चोखंदळ. पण घाबरलेला माणूस दांडा अर्धाच ओढतो आणि बंदूक अडते. म्हणजे गाडी पुन्हा सरावापाशीच येते.

ऑलिम्पिकचे नेमबाज काय वापरतात?

ट्रॅप आणि स्कीट या क्रीडाप्रकारांत सेमी-ऑटोमॅटिक बंदूक वापरायला बंदी नाही. तरी जागतिक स्पर्धांत जवळपास सगळ्यांच्या हातात एकावर एक नळ्या असलेली दुनळीच दिसते. कारणे अनेक : दोन नळ्यांना वेगवेगळी तोंडे ठेवता येतात, रिकामी काडतुसे शेजाऱ्याच्या अंगावर उडत नाहीत, रेंजवर मोडलेली बंदूक सुरक्षित असल्याचे सगळ्यांना दिसते. शिवाय या स्पर्धांत काडतुसातले छर्रे २४ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाहीत, म्हणजे काडतूस हलकेच. एक चकती हुकली की पदक जाते, तिथे बंदुकीच्या स्वभावावर जुगार कोण खेळेल? ज्यांच्याकडे जगातली उत्तम काडतुसे आहेत आणि जे वर्षाला हजारो बार उडवतात, तेही दुनळी निवडतात. बँकेच्या गार्डला मात्र सेमी-ऑटोमॅटिक द्यावी, असे आपल्याला वाटते.

पट्ट्यातले काडतूस किती जुने?

नागपूरची हवा बंदुकीला मानवणारी नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, धूळ उडते, तेल वाळून चिकट होते. जुलैत तीच बंदूक ओलसर हवेत उभी असते. वायूवर चालणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये प्रत्येक बारासोबत काजळी साठते. त्यात चिकट तेल आणि धूळ मिसळली की बोल्टची चाल मंदावते. ती नियमित उघडून पुसणे हाच त्यावर उपाय. पण दुनळीची नळी पुसणे वेगळे आणि स्प्रिंगा, कडी, पिस्टन काढून पुन्हा नीट बसवणे वेगळे.

काडतुसाची कथा आणखी वाईट. चामडी पट्ट्याच्या घरात महिनोन्महिने राहिलेल्या काडतुसाच्या पितळी बुडाला हिरवट थर चढतो, कारण कमावलेल्या चामड्यातली रसायने पितळेशी जमवून घेत नाहीत. जुनी कागदी काडतुसे ओल धरून फुगतात. आजची प्लास्टिकची कवचे फुगत नाहीत, पण रोज पट्ट्यातून काढून, बंदुकीत घालून, संध्याकाळी पुन्हा काढून त्यांच्या कडा दबतात. दुनळी असले काडतूस बहुधा गिळते. सेमी-ऑटोमॅटिकच्या चेंबरमध्ये ते अर्ध्यावर अडकण्याची शक्यता जास्त.

देशातली बारा बोअरची काडतुसे बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांपैकी एक महाराष्ट्रातच आहे. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. नागपूरच्या अंबाझरीतही आयुध निर्माणी आहे, पण तिथले काम मुख्यतः तोफगोळ्यांच्या धातूच्या कवचांसारखे मोठे. म्हणजे कारखाने आहेत, ज्ञान आहे. काडतूस दुकानातून परवानाधारकाकडे गेल्यावर मात्र त्याच्या वयाची नोंद ठेवण्याची सवय कोणालाच नाही.

शस्त्रापेक्षा त्यात भरलेली वस्तूच दगा देते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २१ ऑगस्ट २०१९ रोजी बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर सुपौल जिल्ह्यात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. मानवंदनेसाठी २२ पोलिसांनी रायफली आकाशाकडे रोखल्या, चाप ओढले आणि एकही बार उडाला नाही. बावीसच्या बावीस रायफली एकाच क्षणी बिघडणे कठीण आहे. सगळ्यांत सामाईक गोष्ट एकच होती, काडतुसे. तिथे फक्त हसू झाले.

दुसरे उदाहरण विदर्भातले आहे आणि त्यात शॉटगन नाही, पण धडा तोच. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात टी-१ म्हणजेच ‘अवनी’ वाघिणीला गोळी घालण्यात आली. शवविच्छेदन नागपूरच्या गोरेवाड्यात झाले. तिच्या अंगात सापडलेल्या बेशुद्धीच्या डार्टवरून पुढे वाद पेटला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने अनेक आक्षेपांसोबत हेही नोंदवले की, डार्टमधले औषध तयार केल्यापासून २४ तासांत वापरायला हवे होते, प्रत्यक्षात ते दोन दिवसांहून अधिक जुने होते. डार्ट गन कोणत्या कंपनीची होती, यावर चर्चा करणाऱ्यांपैकी किती जणांना हा तपशील आठवतो?

शेतकऱ्याच्या हातात काय?

बँकेच्या दारापेक्षा दुसऱ्या बाराची खरी गरज शेताच्या धुऱ्यावर आहे. रामटेक, पारशिवनी, उमरेड, काटोल या पट्ट्यात हरभरा, तूर, धान उभे असताना रानडुकरे आणि रोही रात्रीत वावर साफ करतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारण्याची परवानगी देता येते आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये या दोन प्राण्यांसाठी ती प्रक्रिया सोपी केली. जून २०१६ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारल्याचा जाहीर निषेध केला आणि त्यांच्याच सरकारमधील पर्यावरण मंत्र्यांशी वाद झाला, तो याच विषयावर.

मारावे की मारू नये, हा स्वतंत्र वाद आहे. पण कायद्याने परवानगी दिली, तर शस्त्र कोणते? शस्त्र कायदा १९५९ चे कलम १३ संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख करते, आणि पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा. ठासणीची! म्हणजे जिच्यात तोंडातून दारू आणि छर्रे ठासावे लागतात, जी एका बारानंतर मिनिटभर तरी निरुपयोगी असते आणि पावसात जिची दारू भिजते. जखमी रानडुक्कर मागे वळते आणि सरळ अंगावर येते, हे गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. ज्या कामात दुसरा बार जिवाचा प्रश्न असतो, त्याच कामासाठी कायद्याने दुसरा बार नसलेली बंदूक नेमली आहे.

मग शेतकऱ्याला सेमी-ऑटोमॅटिक द्यावी का? नाही. शस्त्र नियम २०१६ च्या परिशिष्टात सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रे निर्बंधित गटात आहेत आणि ते योग्यच आहे. एका माणसाने किती शस्त्रे बाळगावीत याची मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आणली, तीही योग्य. पण ठासणी आणि सेमी-ऑटोमॅटिक यांच्या मध्ये दुनळी आहे. पीकरक्षणाच्या परवान्यात ठासणीच्या जागी दुनळी, आणि तीही वन विभागाने प्रशिक्षण दिलेल्या मोजक्या माणसांकडे, एवढा बदल केला तरी खूप. आज परवाना असलेल्या शेतकऱ्याची बंदूक निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा होते. २०२४ मध्ये नागपुरात लोकसभेचे मतदान १९ एप्रिलला आणि विधानसभेचे २० नोव्हेंबरला झाले. दुसऱ्या खेपेला रब्बीची पेरणी चालू होती. परत मिळालेली बंदूक तेल लावून ठेवलेली होती की भिंतीला टेकवलेली, हे ती पहिल्यांदा अडेल तेव्हा कळते.

सरावाचे काय?

बहुतेक गार्डना आख्ख्या नोकरीत एकदाही बार उडवावा लागत नाही. ही चांगली गोष्ट आहे. पण त्यामुळेच बंदूक चालते की नाही, हे तपासायचा प्रसंगही येत नाही. अनेकदा बंदूक गार्डच्या स्वतःच्या परवान्यावरची असते, वर्षाला किती काडतुसे घ्यायची याची मर्यादा परवान्यावर असते आणि काडतूस स्वस्त नसते. सुरक्षा कंपनीकडून मिळणाऱ्या पगारातून सरावासाठी काडतुसे फोडणार कोण? माजी सैनिक असलेल्या गार्डचा हात तयार असतो, पण तो रायफलवर. बाकीच्यांचे काय, हे न विचारलेलेच बरे. आणि हा प्रश्न खासगी गार्डपुरता नाही. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही पोलिसांच्या गोळीबार सरावासाठी काडतुसांचा तुटवडा असल्याकडे बोट दाखवले होते.

अशा हातात सेमी-ऑटोमॅटिक देणे म्हणजे ज्याने कधी गाडी चालवली नाही, त्याला महागडी गाडी देणे. पहिले शंभर मीटर ती छान जाईल.

मग करायचे काय?

बंदुका बदलण्याचा खर्च करण्याआधी बँका आणि सुरक्षा कंपन्यांनी तीन कामे करावीत, आणि त्यातले एकही अवघड नाही. गार्डच्या पट्ट्यातली काडतुसे ठरावीक मुदतीने बदलावीत आणि काढलेली काडतुसे फेकून न देता रेंजवर सरावात उडवावीत. त्यातून जुनी काडतुसे संपतात आणि सरावही होतो. जुन्या दुनळ्यांची चेंबर मोजून घ्यावी. कित्येक जुन्या बंदुका ६५ मिलिमीटर काडतुसांसाठी बनलेल्या आहेत आणि बाजारात ७० मिलिमीटरची मिळतात. लहान चेंबरमध्ये लांब काडतूस बसते, पण उडताना नळीतला दाब नको तितका वाढतो. आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येक बंदूक परवानाधारक कारागिराने उघडून पाहावी. परवाना नूतनीकरणाची मुदत २०१९ पासून तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. नूतनीकरणाच्या वेळी कागद तपासले जातात, पण नळीत गंज आहे का, हे पाहण्यासाठी पाच वर्षांची वाट पाहणे परवडणारे नाही.

ज्या बँकेच्या दारात गार्ड उभा असतो, त्याच दाराच्या आत भिंतीवर लाल रंगाचे अग्निशामक यंत्र टांगलेले असते. त्यावर शेवटचे कधी भरले आणि पुढचे कधी भरायचे, याची चिठ्ठी चिकटवलेली असते. गार्डच्या पट्ट्यातल्या काडतुसांवर अशी चिठ्ठी नसते.